शाळा कोणाची? पनवेल तालुक्यांतील आईबापांस चार शब्द

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

मुलाला शाळेंत घातलें म्हणजे आपलें काम झालें, पुढें मास्तर जाणे आणि मुलाचें नशीब जाणे, अशी समजूत आपल्या पुष्कळ घरांत अजून आहे. ही समजूत आईबापांच्या आळसामुळें झाली असें जे शहाणे म्हणतात, त्यांनीं एकदां एखाद्या पालकाबरोबर शाळेच्या दारापर्यंत जाऊन यावें. आम्ही खेड्यांतले मास्तर. मराठी अध्यापक विद्यालयांत शिकून खडू हातीं घेतला, त्याला वीस वर्षें होऊन गेलीं. ओटीवर, बाजारांत, लावणीच्या बांधावर आईबापांनीं आम्हांस जें सांगितलें, तें येथें एकत्र मांडीत आहों.

पहिला अनुभव सरकारी शाळेचा. पालकाला शाळेंत केव्हां बोलावतात? सही पाहिजे असेल तेव्हां. एक बाई सांगत होत्या कीं, आपण शाळेच्या समितीवर आहों हें त्यांस दोन वर्षांनीं कळलें. सही घरीं येऊन नेली. सभा कधीं भरली, ठराव कसला झाला, हें कोणीं सांगितलें नाहीं. आतां कायदा काय म्हणतो तें पहा. २००९ सालीं झालेला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेला शिक्षणहक्काचा कायदा सांगतो कीं, सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत शंभरांत ७५ सभासद आईबाप असावे, व एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या. आपल्या राज्यांत अध्यक्षहि पालकांपैकींच असतो; मुख्याध्यापक केवळ सचिव. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणें, सुधारणेचा आराखडा करणें, आलेला पैसा कसा खर्च झाला तें पाहणें, हीं या समितीचीं कामें. कायद्यानें मालकाची खुर्ची आईला दिली, आणि व्यवहारानें तिला सहीपुरती उभी केली!

दुसरा अनुभव पोटासाठीं गांव सोडणाऱ्यांचा. आपल्या तालुक्यांतल्या वाड्यांवरचे कातकरी बांधव पावसाळा सरला कीं वीटभट्टीवर जातात, व पहिल्या पावसाच्या सुमारास परत येतात. उलट तळोज्याच्या कारखान्यांत व इमारतींच्या कामांवर दूरदूरचे मजूर येतात. या लोकांचें पोर शाळेच्या दारीं उभें राहिलें कीं विचारतात, दाखला कोठें आहे? जन्माचा कागद कोठें आहे? नसेल तर पुढच्या आठवड्यांत या. पुढच्या आठवड्याची मजुरी बुडवून तो बाप परत येईल काय? तो येत नाहीं, आणि पोर भावंडें सांभाळीत बसतें. वास्तविक जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी त्या कारणानें प्रवेश नाकारतां येत नाहीं, असें हाच कायदा स्पष्ट सांगतो. परंतु ज्याच्यासाठीं तो केला त्याच्या कानावर तो कोणीं घालावयाचा?

तिसरा अनुभव खासगी इंग्रजी शाळेचा, आणि हा सर्वांत खर्चाचा. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठीं आगरी, कराडी, कोळी बांधवांच्या जमिनी गेल्या, आणि भातशेतीच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. शेत गेलें, निदान पोर तरी साहेब होवो, या आशेनें मोबदल्याच्या पैशांतून फी भरली. या आशेला आम्ही हंसणार नाहीं. जोतीराव स्वतः पुण्यांत मिशनच्या इंग्रजी शाळेंत शिकले होते. इंग्रजी आपल्या मुलांस आलीच पाहिजे. परंतु घरांत इंग्रजीचा शब्द नाहीं, पालकसभेंत बाप खालीं मान घालून बसतो, पुस्तकें व गणवेश शाळा सांगेल त्याच दुकानांतून घ्यावे लागतात, आणि वर शिकवणी लावावी लागते ती निराळीच. मूल इंग्रजी कविता घडाघड म्हणतें, पण तिचा अर्थ विचारला तर तोंडाकडे पाहत राहतें. महाराष्ट्रांतल्या मराठी शाळांतहि २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय आहे, हें किती घरांस माहीत आहे?

खासगी शाळेंतहि पालक अगदींच निराधार नाहीं. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणें पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, तींतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, आणि फीवाढीचा प्रस्ताव या समितीपुढें मांडावा लागतो. फीविरुद्ध तक्रार करावयाची तर शंभरांत २५ पालक एकत्र पाहिजेत, अशी अट मागाहून घातली गेली. एकट्या बापाचें ऐकावयाचें नाहीं, असाच तिचा अर्थ. तेव्हां एकट्यानें कपाळाला हात लावून काय होणार? शेताच्या कामाला जशी इर्जिक घालतां, तशी येथेंहि घातली पाहिजे.

चौथी गोष्ट फार बोलली जात नाहीं, परंतु मुळाशीं तीच आहे. पनवेलला नगरपालिका झाली १८५२ सालीं; त्या काळीं मोठमोठ्या शहरांसहि ती नव्हती. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं तिची महानगरपालिका झाली, व आसपासचीं गांवें तींत आलीं. गांवें पालिकेंत आलीं, पण त्यांतल्या प्राथमिक शाळा त्यानंतरहि वर्षानुवर्षें जिल्हा परिषदेच्याच हातीं राहिल्या. कर पालिकेनें मागावा, आणि शाळेचें छप्पर गळलें तर पालकानें अलिबागची वाट धरावी! विमानतळासाठीं दहा गांवें उठलीं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन थाटानें झालें. तेथल्या आईबापांस विचारा, गांव हलतें तेव्हां मुलांची शाळा, वाट आणि सोबती यांचें काय होतें.

तिकडे गाढी नदीच्या वरच्या अंगाला, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या वाड्यांवर निराळेंच भय आहे. राज्यांत वीस किंवा त्याहून कमी मुलें असलेल्या शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत असें २०२३ सालीं सांगण्यांत आलें, आणि त्यांची मुलें एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढें आला. कागदावर हा हिशोब फार सुरेख दिसतो. पण सहा वर्षांची पोर आषाढांत ओढा ओलांडून परगांवीं कशी जाईल, हें त्या कागदावर कोठें आहे? पहिली ते पांचवीची शाळा मुलाच्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आंत असावी, असा नियम आहे. वाडीवरची शाळा बंद झाली कीं पहिल्यानें मुलगी घरीं बसते, हें आम्हीं आमच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आतां थोडें मास्तरांच्या बाजूनेंहि ऐकावें. मास्तर वर्गांत मोबाईल घेऊन बसतो अशी तक्रार नेहमीं येते. तो पुष्कळदां वरून मागविलेली माहिती भरीत असतो. चार इयत्तांस दोन मास्तर, त्यांतला एक मतदारयादीच्या कामावर, अशी स्थिति अनेक ठिकाणीं आहे. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक हीं सोडून इतर बाहेरचीं कामें शिक्षकास देऊं नयेत, असें कायदा म्हणतो. हें मास्तरानें वरिष्ठांस सांगितलें तर तो कामचुकार ठरतो; आईबापांनीं ठराव करून सांगितलें तर त्याला वजन येतें. अर्थात् जो मास्तर खरोखरच शिकवीत नाहीं, किंवा "तुझा बाप काय करतो" म्हणून पोराला हिणवितो, त्याची बाजू आम्ही घेणार नाहीं.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजीं जोतीराव फुले यांनीं हंटर साहेबांच्या आयोगापुढें जें निवेदन केलें, त्यांत सरकारचा पैसा रयतेच्या घामाचा असून रयतेच्या मुलांच्या वांट्याला मात्र तो येत नाहीं, हें त्यांनीं निर्भीडपणें दाखविलें. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, आणि शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतले, प्रसंगीं नांगर किंवा सुताराचा वांकस हातीं धरण्यास न लाजणारे असावे, असें त्यांचें मागणें होतें. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मुलाला शाळेंत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेविला. त्या काळीं दंड पालकाला होता, कारण शाळा द्यावयास राजा तयार होता. आज पालक मूल घेऊन दारीं उभा आहे. मग शाळेंत मास्तर नसला, छप्पर नसलें, तर दंड कोणाला करावा?

गाऱ्हाणें सांगून भागत नाहीं. २०२४ सालच्या फेब्रुवारींत, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आंत असेल तर खासगी शाळांनीं गरिबांसाठीं २५ टक्के जागा ठेवण्याची गरज नाहीं, असा नियम राज्य सरकारनें केला. त्याविरुद्ध लोक मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेले, आणि १९ जुलै २०२४ रोजीं न्यायालयानें तो रद्द केला. तेव्हां विचारलें तर उत्तर मिळतें.

म्हणून आमची सूचना एवढीच. या महिन्यांत आपल्या गांवच्या शाळेंत चौघी-पांचजणी मिळून जा. एकटीनें जाऊं नका. समितीचे सभासद कोण, त्यांचीं नांवें मागा. मास्तर किती मंजूर व किती हजर, तें विचारा. पोषण आहाराचा तांदूळ किती आला व किती शिजला, ती वही पहा. सभा दुपारीं बाराला न ठेवतां कामावरून परतल्यावर संध्याकाळीं ठेवा, असा पहिला ठराव करा. मजुरी बुडवून कोणी सभेला येत नाहीं, हें ठराव लिहिणाऱ्यालाहि ठाऊक आहे. आणि वाचल्याशिवाय, किंवा कोणाकडून वाचून घेतल्याशिवाय, कोणत्याहि कागदावर सही करूं नका.

कोणी तोंड वाकडें करील, कोणी म्हणेल तुम्हांला काय कळतें. त्याला सांगा कीं, अक्षर कळत नसेल, पण आपल्या पोराला वाचतां येतें कीं नाहीं, एवढें कळतें. आणि हें विचारण्याचा हक्क कायद्यानें आम्हांला दिला आहे.