सिग्नल मिळाला, पण गाडी सुटेना!

लहानपणी चावीच्या आगगाडीने लावलेले वेड काही जणांच्या डोक्यातून मोठेपणीही उतरत नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आता ही चिमुकली गाडी घरच्या संगणकावरूनही हाकता येते. त्यासाठी हौशी मंडळींनी मिळून तयार केलेला 'जेएमआरआय' हा प्रोग्रॅम जगभर वापरतात, आणि तो फुकट मिळतो.

यातली गंमत अशी, की रुळांतून विजेबरोबर संदेशही धावतात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात 'डीकोडर' नावाची छोटी चकती असते. ती फक्त आपल्या क्रमांकाचा हुकूम पाळते. संगणक आणि रूळ यांच्यामध्ये 'कमांड स्टेशन' हे यंत्र बसवतात.

पण एखाद्या रविवारी सगळे घर भोवती जमलेले असते आणि प्रोग्रॅमच सुरू होत नाही! अशा वेळी 'सगळे पुसून नव्याने टाकू' असा मोह होतो. तो आवरा. तुमच्या इंजिनांची यादी, त्यांना दिलेली नावे, स्टेशनांचे नकाशे हे सारे सेटिंगच्या फोल्डरमध्ये असते. विंडोजवर ते आपल्या नावाच्या फोल्डरात 'जेएमआरआय' याच नावाने सापडते. घाईत तेच पुसले गेले, तर कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाते. म्हणून आधी त्याची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. मग पुढील गोष्टी क्रमाने पाहा.

१. जावा : हा प्रोग्रॅम जावाच्या आधाराने चालतो. त्याच्या पाचव्या आवृत्तीला किमान जावा ११ लागते. संगणकावर जुनी जावा ८ असेल, तर नवा प्रोग्रॅम उघडणार नाही.

२. वीज : कमांड स्टेशन आधी चालू करा, प्रोग्रॅम नंतर.

३. पोर्ट : यूएसबीची वायर काढून दुसऱ्या खाचेत लावली, की विंडोज तिला वेगळा पोर्ट क्रमांक देऊ शकते. प्रोग्रॅम कॉम ३ वर हाका मारतो आणि यंत्र बसलेले असते कॉम ५ वर! डिव्हाइस मॅनेजरमध्ये खरा क्रमांक पाहा आणि प्रोग्रॅमच्या प्रेफरन्सेसमध्ये कनेक्शन्सखाली तोच निवडा.

४. दुसरा दावेदार : एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. आधी उघडलेली प्रत मागे तशीच चालू राहिली असेल, तर नव्या प्रतीला दार बंद. संगणक एकदा बंद करून सुरू केला, की बहुधा हा गुंता सुटतो.

५. खोटी गाडी : नवी प्रोफाइल करून तिच्यात सिम्युलेटर जोडा. त्याला रूळही लागत नाहीत आणि इंजिनही. तो नीट चालला, तर जावा आणि प्रोग्रॅम ठीक आहेत; दोष जुन्या सेटिंगमध्ये, वायरीत किंवा यंत्रात शोधावा.

एवढे करूनही गाडी अडली, तर सेटिंगच्या फोल्डरमधले 'लॉग' हे पोटफोल्डर उघडा. काय बिनसले याची नोंद तिथे असते. शेवटच्या ओळीपेक्षा चुकीची पहिली ओळ अधिक बोलकी असते. मागच्या बऱ्याच तक्रारी तिच्यातूनच निघतात. जाणकाराची मदत घेताना 'चालत नाही' एवढेच न सांगता ती ओळ जशीच्या तशी दाखवा.

आणि एका वेळी एकच बदल करा, तो वहीत टिपून ठेवा. पाच गोष्टी एकदम बदलून गाडी सुटली, तर ती कशामुळे सुटली हे कळत नाही, आणि पुढच्या रविवारी शोध पुन्हा पहिल्यापासून! हे टिपणाचे काम घरातल्या मुलांकडे द्यायला हरकत नाही.