खाली बोटीवरची माणसं काय करायची?

परवा भाच्याचा फोन आला. तो हल्ली कॉम्प्युटरवर दुसऱ्या महायुद्धाचा कुठलासा गेम खेळतो. म्हणाला, "मामा, ते कामिकाझे विमान घेऊन डायरेक्ट बोटीवर आदळायचे ना, मग खाली बोटीवरची माणसं काय करायची?"

मी तोंड उघडलं आणि गप्प बसलो. कामिकाझेंबद्दल मला काय विचाराल ते येतं. दैवी वारा हा शब्दाचा अर्थ, डोक्याला बांधलेली पट्टी, उड्डाणाआधीचा साकेचा घोट, चेरीची फुलं, आईला लिहिलेली शेवटची पत्रं. आणि खालची माणसं? पत्रं वाचून डोळ्यांत पाणी आणणारा मीच. ती विमानं जिथे आदळायची तिथे कोणी उभं होतं, याचा विचार मी कधी धड केलाच नव्हता. मग दोन आठवडे त्याच नादात गेले (घरच्यांनी जेवणाच्या टेबलावर हा विषय काढायला बंदी घातली, म्हणून इथे लिहितोय).

आधी त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. नेहमीचं बॉम्ब टाकणारं विमान असेल, तर खालून इतका मारा करायचा की पायलटचा नेम चुकेल, तो घाबरून लवकर बॉम्ब टाकेल किंवा वळेल. एवढ्याने भागायचं. कामिकाझेच्या बाबतीत हे सगळं गणितच बाद. पायलट मेला तरी विमान येतच राहतं. इंजिन पेटलं, पंख तुटला, तरी येतंय. म्हणजे ते हवेतच मोडून पाडायला हवं, तेही पुरेसं लांब.

त्यासाठी तीन तऱ्हेच्या तोफा. पाच इंची सगळ्यात मोठी. तिचा पंचवीस किलोचा गोळा माणसं हातांनी उचलून भरायची, मिनिटाला पंधरा वगैरे. त्या गोळ्याच्या टोकाला १९४३ पासून एक चिमुकला रेडिओ बसवायला लागले होते. गोळा विमानाच्या जवळून गेला की आपोआप फुटायचा. मग ४० मिलिमीटरची. आणि शेवटी २० मिलिमीटरची, जी एक माणूस खांद्याला लावून उभ्याने चालवायचा. तिचा टप्पा साधारण एक किलोमीटरचा. ताशी पाचशेच्या वेगाने झेपावणारं विमान हे अंतर सात सेकंदांत तोडतं. सात! एवढ्यात माझा फोन अनलॉक होत नाही.

मला सगळ्यात जास्त छळलं ते बोटीच्या पोटातल्या माणसांनी. इंजिन रूम, बॉयलर रूम. वरची झाकणं घट्ट बंद केलेली, बाहेरचं काही दिसत नाही. ती माणसं आवाजावरून ओळखायची. पाच इंचीचे धक्के, म्हणजे अजून लांब आहे. चाळीसचा ठोका सुरू झाला, जवळ आलं. विसाच्या तोफा तडतडायला लागल्या की आता काही सेकंद. आणि हे ऐकत त्यांनी काय करायचं? वाफेच्या दाबाकडे लक्ष ठेवायचं. बस्स. वेग कमी झाला तर बोटीला वळता येणार नाही, म्हणून तिथून हलायचं नाही.

हे सगळं अगदी टोकाला गेलं १९४५ मध्ये ओकिनावाला. १ एप्रिलला अमेरिकन सैन्य बेटावर उतरलं आणि ६ एप्रिलपासून जपानने झुंडीच्या झुंडी पाठवायला सुरुवात केली. जूनअखेरपर्यंत असे दहा मोठे हल्ले झाले. अमेरिकनांनी काय केलं, तर बेटाभोवती समुद्रात सोळा पहाऱ्याच्या जागा आखल्या, त्यांना नंबर दिले, आणि तिथे डिस्ट्रॉयर उभ्या केल्या. काम एकच. रडारवर विमानं दिसली की मागे कळवायचं आणि आपल्या लढाऊ विमानांना रेडिओवरून वाट दाखवायची. मागे विमानवाहू नौका, सैन्य उतरवणारी जहाजं, सगळा मौल्यवान माल. पुढे पन्नासेक मैलांवर ही एकटी दुकटी बोट.

जपानहून निघालेल्या पोरसवदा पायलटला पहिली दिसायची ती हीच. तो तिच्यावरच झेप घ्यायचा. असं सांगतात की एका बोटीवरच्या खलाशांनी वैतागून भला मोठा बाण रंगवून लावला होता : विमानवाहू नौका इकडे!

१६ एप्रिलला पहिल्या नंबरच्या जागेवर लॅफी नावाची डिस्ट्रॉयर होती. साधारण ऐंशी मिनिटांत बावीस विमानं तिच्या अंगावर आली. निदान पाच आदळली, वर बॉम्ब वेगळे. सुकाणू एका बाजूला अडकलं, त्यामुळे बोट गोल गोल फिरत राहिली आणि फिरत फिरतच तोफा चालवत राहिली. तीसहून जास्त माणसं गेली, सत्तरच्या वर जखमी झाली. बोट बुडाली नाही. आज ती साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनजवळ म्युझियम म्हणून उभी आहे. तिकडे राहणाऱ्या आमच्या मंडळींनी फ्लोरिडाला जाताना वाट वाकडी करून बघावी, आणि मला फोटो पाठवावेत.

ओकिनावाच्या लढाईत अमेरिकन नौदलाची सुमारे ४,९०० माणसं मेली. नौदलात जखमी झालेल्यांपेक्षा मेलेल्यांचा आकडा किंचित जास्तच भरतो. युद्धात सहसा उलट असतं.

मग ही माणसं आपल्याला माहीत का नाहीत? एक कारण अगदी साधं आहे. हल्ले सुरू झाले ऑक्टोबर १९४४ मध्ये, फिलिपीन्सजवळ. आपली युक्ती किती लागू पडतेय हे जपानला कळू नये म्हणून अमेरिकन नौदलाने बातमीच दाबून ठेवली. खलाशांनाही घरच्या पत्रात याबद्दल लिहिता यायचं नाही, लिहिलं तर कापलं जायचं. बंदी उठली एप्रिल १९४५ च्या मध्याला, आणि नेमके १२ एप्रिलला अध्यक्ष रूझवेल्ट वारले. पेपरात जागा कुठली उरायला? म्हणजे पायलटांची पत्रं काचेच्या कपाटात आली (तीही सेन्सॉर झालेलीच, हेही विसरू नये) आणि यांच्या पत्रांतली तेवढी ओळ कात्रीत गेली.

आणखी एक प्रसंग सांगतो. इन्ट्रेपिड ही विमानवाहू नौका, जी आता न्यूयॉर्कला आहे. २९ ऑक्टोबर १९४४ ला तिच्या दहा नंबरच्या तोफेच्या कठड्यात कृष्णवर्णीय वाढपी होते. त्या काळच्या नौदलात त्यांचं काम म्हणजे अधिकाऱ्यांना जेवण वाढणं, त्यांचे बूट चमकवणं. लढाईच्या वेळी मात्र २० मिलिमीटरच्या तोफा त्यांच्या हाती. विमान सरळ त्यांच्यावर येत होतं. ते शेवटपर्यंत मारा करत राहिले आणि त्यांतले कित्येक जण तिथेच गेले. वाचलेल्यांना नेव्ही क्रॉस मिळणार असं सांगितलं गेलं, हातात पडलं ब्राँझ स्टार. त्यांतल्या अलोन्झो स्वान यांनी कोर्टात भांडून १९९३ मध्ये नेव्ही क्रॉस मिळवला. एकोणपन्नास वर्षांनी.

आता माझं मत. "दोन्हीकडची पोरंच हो, दोघांनाही वरच्यांनी मरायला पाठवलं, फरक काय?" असं म्हणणं सोपं आहे आणि मी स्वतः कित्येकदा म्हटलंय. त्यात अर्धं खरं आहेच. पहाऱ्यावरच्या डिस्ट्रॉयर मार खाणार हे वरच्यांना ठाऊक होतं. विमानवाहू नौकेपेक्षा डिस्ट्रॉयर स्वस्त, हा हिशेब कोणीतरी थंड डोक्याने केलाच होता. विमानातला मुलगाही काही राक्षस नव्हता. कॉलेजातून उचललेला, जेमतेम उडवायला शिकलेला, आणि ‘स्वेच्छेने’ म्हणजे सगळ्यांसमोर नाही म्हणता येत नाही म्हणून आलेला. त्याच्याबद्दल वाटणारं वाईट मी मागे घेत नाही.

पण फरक आहे. धैर्यात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. एका वहीत पायलटचं मरण जमेच्या बाजूला लिहिलं जात होतं. तो परत आला तर मोहीम फसली. दुसऱ्या वहीत प्रत्येक मेलेला माणूस खर्चाच्या बाजूला होता. म्हणून तर पहाऱ्यावरच्या डिस्ट्रॉयरसोबत छोट्या बोटी ठेवलेल्या असायच्या. त्यांनी तोफा चालवायच्याच, पण डिस्ट्रॉयर पेटली की आग विझवायची आणि पाण्यातली माणसं उचलायची. खलाशी कडवटपणे त्यांना खांदेकरी म्हणायचे.

या खांदेकऱ्यांची एक गोष्ट भाच्याला सांगितली. १० जून १९४५. विल्यम डी. पोर्टर नावाची डिस्ट्रॉयर. (ही तीच, जिने १९४३ मध्ये सरावात चुकून रूझवेल्ट बसलेल्या युद्धनौकेवरच खरा टॉर्पेडो सोडला होता. नशिबाने लागला नाही.) एक विमान तिच्यावर आलं, नेम हुकला, ते शेजारी पाण्यात पडलं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला असेल. पण ते बोटीच्या खाली जाऊन फुटलं. तीन तास माणसं बोट वाचवायला धडपडली, मग कॅप्टनने सोडायचा हुकूम दिला. छोट्या बोटी जवळ आल्या आणि सगळ्यांना घेऊन गेल्या. अक्षरशः सगळ्यांना. डिस्ट्रॉयर बुडाली, माणूस एकही गेला नाही.

उचलणाऱ्यांत १२२ नंबरची बोट होती. तिला नावही नव्हतं, नुसता नंबर. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तिच्यावर विमान आदळलं. तिचा कॅप्टन रिचर्ड मॅककूल भाजला, जखमी झाला, तरी आगीत अडकलेल्या आपल्या माणसांना बाहेर काढायला आत शिरला. तो जगला. बोटही तरली.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, गेममध्ये ती १२२ वाली बोट घेता येते का?"

नाही येत. मी पाहिलं.