विश्लेषण : निमित्त सीमेपलीकडचे, दंगल मात्र गल्लीतली

नवी दिल्ली : शेजारच्या एखाद्या देशाची राजधानी पेटली की दिल्लीतील चर्चांत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : हे आपल्याकडेही होईल काय? जुलै २०२२ मध्ये कोलंबोत आंदोलकांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाचा ताबा घेतला तेव्हा तो विचारला गेला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना ढाका सोडून दिल्लीलगतच्या हिंडन हवाईतळावर उतरल्या, तेव्हा पुन्हा विचारला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत संसद भवन आणि सिंहदरबार जळाले, त्यानंतर तर काही दिवस दूरचित्रवाणीवर दुसरा विषयच नव्हता. प्रश्न गैर नाही. मात्र तो विचारताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. सत्तेविरुद्धचा उठाव ही एक गोष्ट आहे आणि एकाच वस्तीतील दोन समाजांत होणारी दंगल ही दुसरी. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा इतिहास पाहता, येथील चिंता प्रामुख्याने दुसऱ्या प्रकाराची असायला हवी.

उठावांचा विचार थोडक्यात करता येतो. श्रीलंकेत परकीय चलनाची गंगाजळी आटली, इंधनासाठी रांगा लागल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबविली. बांगलादेशात स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठीचे ३० टक्के आरक्षण न्यायालयाच्या निकालाने पुन्हा लागू झाले आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. नेपाळमध्ये २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली गेली. त्याआधीच नेत्यांच्या मुलांचे ऐश्वर्य आणि नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या सामान्य तरुणांचे आयुष्य यांतील तफावत चव्हाट्यावर आली होती. घोषणा, चिन्हे आणि आंदोलनाची तंत्रे एका देशातून दुसऱ्या देशात गेली, हे खरे. कारणे मात्र प्रत्येक ठिकाणी तिथल्याच मातीतली होती. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये हिंसाचार होऊन चौघांचा मृत्यू झाला, त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने सोनम वांगचुक यांच्या भाषणांतील नेपाळच्या आंदोलनाच्या उल्लेखांकडे बोट दाखविले. लडाखच्या राज्याच्या दर्जाची आणि सहाव्या अनुसूचीची मागणी त्यापूर्वी कित्येक वर्षे सुरू होती, याचा विसर पडता कामा नये.

दंगलीचे तसे नाही. तिचे निमित्त सीमा ओलांडते, आणि तेही आजकालचे नाही.

२७ डिसेंबर १९६३ रोजी श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील पवित्र अवशेष नाहीसा झाला. काश्मीर खोरे हादरले, लाखो लोक रस्त्यावर आले; पण त्या निदर्शनांत मुसलमानांबरोबर हिंदू आणि शीखही होते आणि खोऱ्यात जातीय दंगल झाली नाही. दंगल झाली ती दोन हजार किलोमीटर दूर, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील खुलना येथे. ४ जानेवारी १९६४ रोजी अवशेष परत मिळाला. वास्तविक निमित्तच संपले होते. तरीही दंगल थांबली नाही. खुलन्यातील हिंदू निर्वासित सीमा ओलांडून आले, त्यांच्या हकिकती कोलकात्यात पोहोचल्या आणि तेथे मुसलमानांवर हल्ले झाले; त्या बातम्यांनी ढाका व नारायणगंज पेटले; आणि निर्वासितांच्या रेल्वेगाड्या जसजशा मध्य भारताकडे सरकल्या तसतसे मार्चमध्ये जमशेदपूर आणि राउरकेला ही पोलादाची शहरे हिंसाचाराच्या तावडीत सापडली. जिथे घटना घडली तिथे शांतता आणि जिथे केवळ वार्ता पोहोचली तिथे कत्तल, असा हा उलटा हिशेब आहे. दंगल साथीच्या रोगासारखी पसरते असे मानणाऱ्यांनी या साखळीचा पहिला दुवा जरूर पाहावा.

मराठी वाचकांना याहून जवळचे उदाहरण २०२१ चे आहे. १३ ऑक्टोबर रोजी बांगलादेशातील कुमिल्ला येथे दुर्गापूजेच्या मंडपात कुराणाची प्रत ठेवल्याचे आढळले. फेसबुकवरील थेट प्रक्षेपणाने ती बातमी काही तासांत देशभर गेली. त्याच दिवशी चांदपूरमध्ये, १५ ऑक्टोबरला नोआखालीतील चौमुहानीत आणि १७ ऑक्टोबरला रंगपूरच्या पीरगंजमध्ये हिंदूंची मंदिरे व घरे लक्ष्य झाली. भारतात असे काही घडू नये ज्याचे पडसाद बांगलादेशात उमटतील, असे शेख हसीना यांनी त्याच आठवड्यात म्हटले होते. पडसाद उमटले, पण उलट दिशेने. कुमिल्ल्याला लागूनच असलेल्या त्रिपुरात निषेध मोर्चे निघाले आणि २६ ऑक्टोबरच्या मोर्चादरम्यान पानिसागर भागात मुसलमानांच्या दुकानांवर व घरांवर हल्ले झाले. त्या घटनांबरोबर बनावट छायाचित्रे आणि चित्रफितीही देशभर फिरल्या. १२ नोव्हेंबर रोजी त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ अमरावती, मालेगाव आणि नांदेड येथे निघालेल्या मोर्चांत दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी अमरावतीत त्याच्या विरोधातील ‘बंद’मध्ये दुकाने फोडली व जाळली गेली. संचारबंदी लागू झाली, इंटरनेट बंद पडले. कुमिल्ल्याच्या मंडपापासून अमरावतीच्या राजकमल चौकापर्यंतचा प्रवास बरोबर एका महिन्याचा होता.

मग प्रश्न असा की त्रिपुराची वार्ता महाराष्ट्रातील प्रत्येक शहरात पोहोचली असताना हिंसाचार मोजक्याच ठिकाणी का झाला? या प्रश्नाचा सर्वाधिक अभ्यास राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी केला आहे. १९५० ते १९९५ या काळातील हिंदू-मुस्लिम दंगलींत झालेल्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे मृत्यू केवळ आठ शहरांत झाले, असे त्यांना आढळले. त्या आठांत मुंबई आहे आणि दिल्लीही. ज्या शहरांत व्यापार, कामगार संघटना, व्यावसायिक मंडळे यांतून दोन्ही समाजांचे रोजचे हितसंबंध गुंतलेले असतात, तेथे अफवा येऊनही विझते, हे त्यांचे प्रतिपादन. त्याला पूरक म्हणून आणखी एक बाजू मांडली जाते, ती शासनाची. पोलिसांनी पहिल्या काही तासांत काय केले, यावर बरेच काही अवलंबून असते.

या दोन्ही गोष्टींचा पडताळा भिवंडीत येतो. १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तेथे दंगल झाली. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि हिंसाचार ठाणे-मुंबईपर्यंत पोहोचला. त्यानंतर १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीतील दोन्ही समाजांची सामान्य माणसे आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले, किरकोळ तंटे तेथल्या तेथे मिटू लागले. ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबईत जे घडले, त्यात ९०० माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. पाकिस्तान आणि बांगलादेशातही त्या दिवसांत मंदिरांवर हल्ले झाले. मुंबईला लागून असलेली, दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र त्या हिवाळ्यात शांत राहिली. यंत्रमागांचे ते गाव आठ वर्षांत श्रीमंत झाले नव्हते, तेथील बेरोजगारीही संपली नव्हती. म्हणूनच दंगलीचे मूळ केवळ गरिबीत शोधणारे स्पष्टीकरण अपुरे वाटते.

दिल्लीत भिवंडीच्या उलट चित्र दिसते. फेब्रुवारी २०२० मधील ईशान्य दिल्लीच्या दंगलीत ५३ जणांचा बळी गेला. जनगणनेनुसार या जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरमध्ये ३६ हजारांहून अधिक लोक राहतात. शिवविहार, मुस्तफाबाद, चांदबाग, करावल नगर येथे एक गल्ली हिंदूंची तर पुढची मुसलमानांची. पण ही दाटी त्याआधीही होतीच. डिसेंबर २०१९ मधील नागरिकत्व दुरुस्ती कायदा, त्याविरोधातील धरणी आणि विधानसभा निवडणुकीतील भाषणे यांची त्यात भर पडली. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातील अल्पसंख्याकांसाठी म्हणून केलेल्या कायद्यावरून यमुनेपलीकडच्या गल्ल्यांत रणकंदन माजले. निवडणुकीच्या प्रचारात निवडणूक आयोगाला दोन नेत्यांना काही काळ प्रचारापासून रोखावे लागले होते. २३ फेब्रुवारीला जाफराबाद-मौजपूर परिसरात दोन गट समोरासमोर आले, दुसऱ्या दिवशी हेड कॉन्स्टेबल रतनलाल मारले गेले. तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प राजधानीत होते आणि दिल्ली पोलीस थेट केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. असे असूनही जखमींना मुस्तफाबादच्या लहानशा रुग्णालयातून सरकारी रुग्णालयात सुरक्षितपणे हलविण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाला २६ तारखेच्या मध्यरात्री न्यायमूर्तींच्या निवासस्थानी सुनावणी घेऊन आदेश द्यावा लागला. शासनाच्या अनुपस्थितीचा याहून स्पष्ट पुरावा प्रस्तुत प्रतिनिधीला ठाऊक नाही. १९८४ मध्ये याच शहरात, अधिकृत आकड्यानुसार, २,७३३ शिखांची हत्या झाली, तेव्हाही लष्कराला परिणामकारकपणे उतरविण्यात लागलेला विलंब हा मुख्य आक्षेप होता.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील अलीकडचे उदाहरण नूह आणि गुरुग्रामचे. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातील सर्वांत मागास ठरविलेला जिल्हा नूह, आणि त्याच्या शेजारी बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या काचेच्या इमारतींचे गुरुग्राम. ३१ जुलै २०२३ रोजी नूहमध्ये ब्रजमंडल यात्रेवर दगडफेक झाली, दोन होमगार्ड मारले गेले. तत्पूर्वी दोन्ही बाजूंनी चिथावणीच्या चित्रफिती फिरत होत्या. त्याच रात्री गुरुग्रामच्या सेक्टर ५७ मधील मशीद जाळण्यात आली आणि तेथील नायब इमामांची हत्या झाली. एका रात्रीत हिंसाचार ४५-५० किलोमीटर सरकला, असे तेव्हा म्हटले गेले. प्रत्यक्षात गुरुग्राममध्ये उघड्यावरील नमाजावरून २०१८ पासून वाद धुमसत होता. प्रशासनाने ठरविलेल्या ३७ जागांपैकी काहींची परवानगी २०२१ मध्ये मागे घेतली गेली होती. नूहची ठिणगी पडली ती अशा ठिकाणी. पुढच्या काही दिवसांत झोपडपट्ट्यांतील बंगाली भाषक मुस्लिम मजूर सामान बांधून निघाले. नूहमधील बुलडोझर कारवाईला पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ७ ऑगस्ट रोजी स्थगिती दिली.

प्रशासनाचा पहिला उपाय आता इंटरनेट बंद करणे हाच झाला आहे. अफवेचा वेग त्याने कमी होतो, यात शंका नाही. परंतु खरी माहितीही त्याच तारेतून येते, आणि नेपाळमध्ये तर समाजमाध्यमांवरील बंदीच उद्रेकाचे निमित्त ठरली. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान अशा चार राज्यांत पसरलेल्या या क्षेत्रासाठी नियोजन मंडळ आहे, ते रस्ते, रेल्वे आणि जमीनवापराचा विचार करते. गाझियाबादच्या सीमेवरील तणावाची वार्ता करावल नगरला मिनिटांत पोहोचते, तिला उत्तर देणारी भिवंडीसारखी वस्तीपातळीवरील व्यवस्था मात्र दिसत नाही. ईशान्य दिल्लीतील अनेक गल्ल्यांच्या तोंडाशी २०२० नंतर रहिवाशांनी वर्गणी काढून लोखंडी फाटके बसविली.

नूहची यात्रा २०२४ आणि २०२५ मध्येही निघाली. दोन्ही वेळा जिल्ह्यातील इंटरनेट आधीच बंद करण्यात आले, मोठा पोलीस बंदोबस्त ठेवण्यात आला आणि यात्रा शांततेत पार पडली. २०२४ मध्ये वाटेत काही ठिकाणी स्थानिक मुसलमानांनी यात्रेकरूंचे स्वागत केले.