मेरिटवाल्यांनो, हा टाका कुणाचा?

राखीव जागांचा विषय निघाला की एक सवाल ठरलेला. कॉलेजच्या कँटीनमध्ये, लोकलमध्ये, हापिसात. "स्वतःच्या पोराच्या हार्टचं ऑपरेशन कोट्यातल्या डॉक्टरकडून कराल का?" विचारणारा गालात हसतो. त्याला वाटतं, वाद संपला. दोस्तहो, मी म्हणतो, मान खाली घालू नका. पोरांच्या हार्टच्या ऑपरेशनचा इतिहासच यांच्यापुढे ठेवा.

काही पोरांच्या हृदयात जन्मतःच चार दोष असतात. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट चिंचोळी, महाधमनी त्या भोकावर सरकलेली, उजवा कप्पा जाड. डॉक्टर त्याला टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणतात. फुप्फुसात रक्त पुरेसं जात नाही. ओठ निळे, नखं निळी. खेळता खेळता धाप लागते आणि पोर उकिडवं बसतं.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हेलन टॉसिग या डॉक्टर बाई अशी पोरं मरताना बघत होत्या. फुप्फुसाकडे जादा रक्त वळवता येईल का, हा प्रश्न त्यांचा. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी पंधरा महिन्यांच्या मुलीच्या हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली. त्यांच्या खांद्यामागे स्टुलावर एक काळा माणूस उभा होता. टाका कसा घालायचा ते तो सांगत होता. व्हिव्हियन थॉमस! कुत्र्यांवर पुन्हा पुन्हा करून हे ऑपरेशन त्यानंच बसवलं होतं.

थॉमस सुताराचा पोर, गुलामाचा नातू. डॉक्टरकीसाठी पै-पै साठवली, ती मंदीत बँकेबरोबर बुडाली. व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्याचं काम संशोधकाचं, पगाराच्या कागदावर झाडूवाला. १९४५ साली शोधनिबंध छापला, त्यावर नावं दोनच. ऑपरेशन झालं 'ब्लेलॉक-टॉसिग शंट'. पुढे कैक सर्जन त्याच्या हाताखाली शिकले. १९७६ साली हॉपकिन्सनं डॉक्टरेट दिली, तीही मानद, आणि तीही कायद्याची! त्याचं नाव शंटला आता कुठे काही जण जोडू लागलेत.

यावरून कुणी म्हणेल, बघा, कॉलेजाविना अडलं नाही. साफ खोटं! एक थॉमस मागच्या दारानं आत शिरला. दाराबाहेर राहिले ते किती, याचा हिशेब कुणी ठेवलाय? म्हणून आम्हाला पुढचं दार पाहिजे.

आता दुसरी गोष्ट. ती पहिली मुलगी काही महिन्यांनी पुन्हा निळी पडली, वाचली नाही. शंट ही तात्पुरती वाट. गुठळी झाली की बंद, जास्त वाहिली की फुप्फुसात पूर. १९५४ साली मिनिआपोलिसमध्ये लिलेहाय यांनी भोक बुजवून वाट रुंद करणारं पुरं ऑपरेशन केलं. तरी त्यानंतरही वर्षांनी झडप गळू शकते, ठोके बिघडू शकतात. म्हणजे तपासणी जन्मभर.

आपल्याकडे हजार जन्मांत आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. सरकारी योजनेतून, फुल्यांच्या नावानं, ऑपरेशन होतं. चांगलंच आहे. हाराचा फोटोही निघतो. पुढे? दरसालच्या इकोसाठी आई रोजी बुडवून, एसटीनं शहरात येते. एक तारीख चुकते, दुसरी चुकते, मग कागद पत्र्याखाली भिजतात. हृदय शिवायचं आणि पोराला वाऱ्यावर सोडायचं, हे कुणाच्या मेरिटमध्ये बसतं?

तेव्हा पुढल्या वेळी तो सवाल आला की थॉमसचं नाव घ्या आणि उलट सवाल टाका. पण तेवढ्यावर थांबू नका. आपापल्या वस्तीत ऑपरेशन झालेली पोरं शोधा. त्यांच्या तारखा वहीत लिहा. त्या दिवशी त्या माउलीसोबत ओपीडीच्या रांगेत उभे राहा, आणि खिडकी बंद झाली तर ती वाजवा.