मर्जी राखता राखता

मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या अन्नपूर्णादेवी यांचं 1941 मध्ये सतारवादक रविशंकर यांच्याशी लग्न झालं, तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. पुढे दोघांच्या जुगलबंद्या रंगल्या. दाद अन्नपूर्णादेवींच्या सूरबहारवादनाला जास्त मिळू लागली, नवऱ्याला ते रुचेना, म्हणून संसार टिकवण्यासाठी त्यांनी मैफली सोडल्या, ही त्यांची बाजू. त्यांनाच मंचावर यायचं नव्हतं, असं रविशंकर सांगत. नवराबायकोतला हा वाद बाहेरच्यांनी कसा सोडवायचा?

एवढं मात्र उघड आहे, की 1950च्या दशकानंतर त्या जाहीर मैफलीत वाजवायला बसल्या नाहीत, आणि संसारही टिकला नाही. 1982 मध्ये घटस्फोट झाला.

हृषीकेश मुखर्जींचा ‘अभिमान’ (1973) याच नात्यावरून सुचला, असं बोललं जातं. सिनेमात शेवटी नवराबायको एकत्र गातात. सिनेमाला तेवढी मुभा असतेच!

अन्नपूर्णादेवी 2018 मध्ये गेल्या, तोवर त्यांचा मुक्काम मुंबईतच होता. मंच सुटला तरी त्यांची विद्या सुटली नाही. हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर असे शिष्य त्यांच्याकडे शिकले.

या अंकातली माणसं इतकी थोर नाहीत. ‘त्याला आवडत नाही’ म्हणून कुणी ट्रेकिंग सोडलंय, ‘तिला खपत नाही’ म्हणून कुणी जुने मित्र. विशेष म्हणजे, समोरच्यानं तसं मागितलं होतं का, हे बहुतेकांनी विचारलेलंच नाही.