विरजण शेजारचे, दूध आपले

'झपाटलेला' हा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी पाहिलेला आहे. महेश कोठारे यांनी तो १९९३ साली काढला. तात्या विंचूचे नाव न ऐकलेला मराठी मुलगा मिळणे कठीण! पण हल्ली इंग्रजी चित्रपट पाहणारी वरच्या वर्गांतली मुले सांगू लागली आहेत, की ही तर सरळ सरळ नक्कल आहे.

त्यांचे म्हणणे खोटे नाही. 'चाइल्ड्स प्ले' हा अमेरिकन चित्रपट १९८८ सालचा. पोलिसांच्या गोळीने घायाळ झालेला गुन्हेगार मरता मरता मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. पुन्हा माणूस व्हायचे, तर ज्याला त्याने आपले खरे रूप प्रथम सांगितले, त्याच्याच देहात त्याला शिरावे लागते. 'झपाटलेला'चा सांगाडाही हाच आहे. एवढे साम्य योगायोगाने येत नाही.

मग हा चित्रपट टाकाऊ ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. अमेरिकन चित्रपटातला बाहुला हे कारखान्यात तयार झालेले खेळणे आहे आणि ते एका सहा वर्षांच्या मुलाला मिळते. मराठी चित्रपटात लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या हा बाहुल्यांना बोलते करणारा शब्दभ्रमकार आहे. या एका बदलाने गोष्टीचा रंग पालटतो. ज्याचे कामच बाहुल्याला बोलते करण्याचे, त्याने "बाहुला खरेच बोलतो हो!" म्हणून कितीही आरडाओरडा केला, तरी लोक हसणारच. भीती आणि विनोद, दोन्ही इथूनच निघतात.

शिवाय बोलका बाहुला मराठी माणसाला परका नव्हता. यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव आपल्याकडे आधीच घरोघरी पोहोचला होता. त्यांचेच चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तात्या विंचूचा बाहुला घडवला आणि हलवला. दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजाने त्याला स्वभाव दिला. ही मेहनत कोणाची उसनी नव्हती.

आणि 'चाइल्ड्स प्ले' तरी अगदी कोरा होता काय? 'द ट्वायलाइट झोन' या अमेरिकन दूरदर्शन मालिकेत १९६३ सालीच एक बोलणारी बाहुली घरमालकाच्या जिवावर उठली होती. त्याहून कितीतरी आधी आपल्या सिंहासन बत्तिशीतल्या पुतळ्या भोजराजाशी बोलत होत्या आणि परकायाप्रवेशाच्या कथा तर आपण आजीच्या मांडीवर ऐकल्या. पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' हे नाटक बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वरून घेतले. शॉ यांनी ते नाव एका ग्रीक कथेतून घेतले होते. त्या कथेत शिल्पकाराने घडवलेली मूर्तीच जिवंत होते. पुलंनी मूळ लपवले नाही, आणि त्यांची फुलराणी मराठी व्हायचीही राहिली नाही.

घरात दही लावायचे, तर विरजण शेजारून आणतात. त्यात कमीपणा नसतो. पण दूध आपले हवे आणि वाटी कोणाची ते लक्षात हवे.

हे सारे इथे लिहिण्याचे कारण आपली शाळा. स्नेहसंमेलनात चित्रपटांवरून घेतलेली नाटुकली बंदच करावीत, असे काही पालकांचे मत आहे. त्यांची तळमळ आम्ही जाणतो, पण बंदी हा उपाय नव्हे. किलवणी-सिल्वासा भागातले आपले मूल घरी मराठी बोलते, बाजारात गुजराती ऐकते, दूरचित्रवाणीवर हिंदी पाहते आणि वारली मित्राच्या घरी आणखी निराळ्या गोष्टी ऐकते. अशा मुलाच्या लेखणीत दहा ठिकाणची विरजणे येणारच. पहिल्याच प्रयत्नाला 'चोर' म्हटले, तर ते लिहायचे सोडून देईल. उलट, जसेच्या तसे उचललेल्या नाटुकल्याला आपण टाळ्या दिल्या, तर ते लिहायला लागणारच नाही. हल्ली मोबाइलवर अख्खा निबंध आयता मिळतो, त्यामुळे ही दुसरी भीती अधिक खरी आहे.

म्हणून शिक्षकांना आणि विश्वस्त मंडळाला आमची एक सूचना आहे. यापुढे प्रत्येक नाटुकल्याच्या, कथेच्या आणि प्रकल्पाच्या पहिल्या पानावर दोन ओळी असाव्यात. मूळ कुठून घेतले, ही पहिली आणि आम्ही काय बदलले, ही दुसरी. बक्षीस देताना परीक्षकांनी दुसरी ओळ आधी वाचावी. पहिली ओळ कोरी ठेवणाऱ्याचे मात्र गुण कापावेत.

विद्यार्थी मित्रांनो, हा नियम फक्त अमेरिकन चित्रपटांपुरता समजू नका. मित्राच्या वारली आजीने सांगितलेली गोष्ट तुम्ही संमेलनात सादर केलीत, तर तीही उसनीच आहे. चित्रपटवाल्यांचे नाव पडद्यावर झळकते, आजीचे कुठेच छापलेले नसते. तेव्हा तिला आधी विचारा, तिचे नाव पहिल्या ओळीत लिहा आणि संमेलनाला तिला पुढच्या रांगेत बसवा.