जंतू मारण्यापेक्षा थर काढा

हिरड्यांतून रक्त आले की आपल्याकडे त्या जागी ब्रश लावणे बंद होते आणि जंतुनाशक माउथवॉशची बाटली घरात येते. दोन्ही उपाय चुकीचे आहेत. हिरड्यांचा हा आजार बहुधा बाहेरून आलेल्या जंतूमुळे होत नाही. तोंडात कायम वस्तीला असलेल्या जीवाणूंना हिरडीच्या कडेला निवांत थर बांधू दिला की तो सुरू होतो. हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. साधारण तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच आठवडाभरात पूर्ववत झाल्या. औषध लागले नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: कित्येक जण आयुष्यभर नीट दात घासत नाहीत, तरी त्यांचे दात टिकतात, ते कसे? ल्यो यांनीच श्रीलंकेच्या चहामळ्यांतील ४८० मजुरांची वर्षानुवर्षे पाहणी केली. दातांची निगा कोणीच राखत नव्हते. तरी ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने आणि ११ टक्क्यांचा सुजेपुढे गेलाच नाही. म्हणजे जीवाणू हवेतच, पण तेवढ्याने भागत नाही. दाताभोवतीचे हाड झिजते ते बरेचसे शरीराच्याच प्रतिकारामुळे, आणि तो आनुवंशिकता, मधुमेह, तंबाखू यांनी बिघडतो. (मिसरी लावणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावे.) ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ हा बदनाम जीवाणू थोड्या संख्येनेही उंदरांचे हाड झिजवतो, मात्र इतर जीवाणू मुळीच नसलेल्या उंदरांत त्याचे काही चालत नाही. गुन्हा टोळीचा आहे. एकट्याला मारून काय साधणार? शिवाय चिकट थरात दडलेल्या जीवाणूंपर्यंत माउथवॉश धड पोचत नाही. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर तो काही दिवस देतात ते योग्यच, पण तो ब्रशची जागा घेऊ शकत नाही.

‘दात साफ करून घेतले की हलतात,’ ही भीतीही खरी नाही. हाड आधीच गेलेले असते. कीटणाने जखडलेले दात कीटण निघाल्यावर हलताना जाणवतात, एवढेच. तेव्हा रक्त येते तिथेच मऊ ब्रश हिरडीच्या रेषेवर हलक्या हाताने फिरवा, दातांच्या फटीही साफ करा आणि दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तर दंतवैद्य गाठा.